पुन्हा त्याच चौकात

पथनाट्याच्या गटाला एखाद्या संस्थेचं बोलावणं आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती प्रयोग कराल? पन्नास ठिकाणी पन्नास प्रयोग, प्रत्येक ठिकाणचा फोटो, मागे बॅनर, शेवटी अहवाल. नाशिकमध्ये नाटकाची हौस असलेली मुलंमुली पुष्कळ आहेत. हा हिशेब मान्य करून ती कामाला लागतात, मनापासून प्रयोग करतात, टाळ्या घेतात आणि दीड-दोन वर्षांत गट विखुरतो. ज्या चौकांत प्रयोग झाले तिथे विचारलं तर लोकांना नाटक आठवतं, विषय आठवतोच असं नाही.

माझं मत असं की पन्नास चौकांत एकेकदा जाण्यापेक्षा पाच चौकांत दहा-दहा वेळा जावं. नाटक वीस मिनिटांत कुणाचा स्वभाव बदलत नाही. जे घरात बोललं जात नाही ते चारचौघांत बोललं गेलं, एवढंच ते करतं. त्यानंतर वस्तीत दोन-तीन दिवस कुजबुज चालते, एखाद्या घरात भांडण होतं, कुणीतरी म्हणतं, ‘आपल्यालाच बोलले ते.’ खरं काम त्या कुजबुजीत आहे आणि ती ऐकायला गट तिथे नसेल तर आठवड्याभरात ती विरून जाते.

या शहराला हे नवीन वाटू नये. विजयानंद थिएटरमध्ये २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे नाशिकच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. जॅक्सन त्या रात्री ज्या नाटकाला आला होता ते देवलांचं ‘संगीत शारदा’ होतं, हे मात्र थोड्यांच्या लक्षात राहतं. म्हाताऱ्याला कोवळी मुलगी विकण्याच्या रिवाजावरचं ते नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. लग्नाच्या वयाचा कायदा १९२९ मध्ये झाला. त्यात मुलीचं वय चौदा ठरलं आणि मुलाचं अठरा. नाटकामुळे कायदा झाला असं कुणी म्हणू नये. पण मधली तीस वर्षं गावोगावी त्या नाटकाचे प्रयोग होत राहिले, पदं घराघरांत गुणगुणली गेली आणि जरठ-बाला विवाह करणाऱ्याकडे लोक ज्या नजरेनं पाहायचे ती नजर बदलत गेली. बदलाचा वेग हा असा असतो.

दुसरा वारसा जलशांचा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पुढची काही वर्षं चालू राहिला. त्याच काळात नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे वाड्यावस्त्यांवर फिरत होते. तमाशाचा ओळखीचा साचा, तीच ढोलकी, तीच बतावणी, तेच सवाल-जवाब, आणि आशय मात्र पाणवठ्याचा, शाळेचा, मेलेली जनावरं ओढण्याचं काम सोडण्याचा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक पुढे हीच वाट गाण्यानं चालले. हे शाहीर ज्यांच्यापुढे गायचे त्यांच्यातलेच होते. प्रयोगानंतर ते त्यांच्याच ओसरीवर जेवायचे, झोपायचे, दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रश्न ऐकायचे. आजच्या गटाकडे माइक आहे, मोबाइल आहे, पण ती ओसरी नाही. ती पुन्हा मिळवायची तर तिथे वारंवार जावं लागतं.

काम सुरू होतं ते ऐकण्यापासून. एक वस्ती निवडली की संहितेचा कागद हातात घेण्याआधी किमान तीन आठवडे तिथे जावं. आठ-दहा जणांनी एकदम जाऊ नये, दोघा-दोघांनी जावं, आणि जोडीत एक मुलगी असावीच. पहिल्या दोन भेटींत काही लिहून घ्यायचं नाही, रेकॉर्डरचा तर प्रश्नच नाही. अंगणवाडी, किराणा दुकान, पिठाची गिरणी, पाण्याचा नळ, रिक्षाचा थांबा या ठिकाणी बसलं की वस्ती स्वतःच बोलू लागते. गोष्टी गोळा झाल्या की त्या एकमेकींत मिसळायच्या. तिघींच्या अनुभवातून एक पात्र उभं करायचं, नवऱ्याचा धंदा बदलायचा, मुलांची संख्या बदलायची. ‘ही तर अमुक गल्लीतली’ असं एकानं जरी ओळखलं तर त्या बाईला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून पहिला प्रयोग चौकात करायचाच नाही. ज्यांच्या गोष्टी घेतल्या त्या पाच-सहा जणींसमोर, बंद खोलीत, तालमीसारखा करायचा. त्यांनी ‘हे काढा’ म्हटलं तर ते काढायचं, त्यावर वाद नाही.

संहिता लहान लागते. बोलत्या मराठीत मिनिटाला साधारण १२० शब्द जातात. वीस मिनिटांच्या प्रयोगातून गाणी, हालचाली आणि हशा वजा केला तर हाती पंधराशे-सोळाशे शब्द उरतात. तेवढ्यात एकच माणूस, एकच पेच बसतो. हुंडा, दारू, शिक्षण, स्वच्छता असे चार विषय एका प्रयोगात कोंबले की लोक घोषणा ऐकतात आणि निघून जातात. संवाद वस्तीच्या बोलीतले हवेत, पण नाशिकच्या एकाच वस्तीत खानदेशातून आलेली अहिराणी, मराठवाड्यातून आलेली बोली, सुरगाणा-पेठकडची कोकणा आणि जुन्या नाशकातली हिंदी-उर्दू एकत्र नांदतात. एकाच बोलीची नक्कल केली की त्या बोलीचे लोक दुखावतात आणि बाकीचे हसतात. पात्रं तीन-चार बोलींतली घ्यावीत, आणि ज्याची जी बोली असेल त्यानंच ती बोलावी.

मग रिंगण. वीस फूट व्यासाचं रिंगण आखलं तर पहिल्या रांगेत चाळीसेक माणसं बसतात, बसलेल्या तीन रांगांत दीडशे, मागे उभ्यांची एक रांग धरली तर सव्वादोनशे. यापेक्षा मोठं रिंगण करण्याचा मोह टाळावा. गोलात नट कुणाकडे तरी पाठ करूनच उभा असतो आणि रहदारीच्या आवाजात पाठीमागच्याला शब्द पोचत नाहीत. दोन-तीन वाक्यांहून जास्त वेळ एका बाजूला पाठ नको. गोष्टीचं वळण ज्या वाक्यावर आहे ते तिघांनी तीन दिशांना तोंड करून म्हणावं. रिंगण चुन्यानं किंवा दोरीनं आखलेलं असलं की गर्दी आत सरकत नाही. आखलं नाही तर दहाव्या मिनिटाला लहान मुलं नटांच्या पायाशी आलेली असतात. जागा निवडताना पाठीशी एक भिंत मिळाली तर आवाज परत येतो. समोर शाळा किंवा दवाखाना नको. शांतता क्षेत्रात ध्वनिक्षेपकाला मनाई आहेच, पण विनामाइकच्या हलगीनंही तिथे तक्रार होते.

हलगीचा आवाज ढोलकीपेक्षा लांब जातो, लोक जमवायला तीच बरी. पण नाशिकच्या पावसाळ्यात तिचं चामडं ढिलं पडतं. प्रयोगाआधी पेटत्या कागदावर ती फिरवून शेकून घ्यावी लागते, आणि सोबत प्लॅस्टिकच्या पानाचा एक डफ ठेवावा. बाकी सामान एका पिशवीत मावेल एवढंच: चार काठ्या, तीन उपरणी, एक ओढणी, एक स्टूल, एक घागर. सगळ्यांचे कुर्ते एका रंगाचे, म्हणजे ओढणी घेतली की सासू, उपरणं टाकलं की सरपंच. मोटारसायकलवर सामान बसलं नाही तर प्रयोग रद्द होऊ लागतात.

वेळेच्या बाबतीत नवे गट हमखास फसतात. सातपूर-अंबडमध्ये कारखान्यांची पाळी सुटताना फाटकासमोर प्रयोग लावतात. पाळी सुटलेला कामगार बस पकडायला धावत असतो, त्याला थांबवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दुसऱ्या पाळीला येणारे अर्धा तास आधी चहाच्या टपरीवर टेकलेले असतात, ती वेळ घ्यावी, आणि प्रयोग पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नये. वस्तीत संध्याकाळी सात ही वेळ पुरुषांची. बायका चुलीपुढे असतात. त्या हव्या असतील तर साडेआठनंतर किंवा दुपारी तीनला. नळाला पाणी येण्याची वेळ विचारल्याशिवाय तारीख देऊ नये. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरच्या छाटणीला मजूर उजाडता बागेत जातात आणि रात्री अंग टाकतात, तिथे बाजाराचा दिवस साधावा. आणि सुरगाण्यात भातलावणीच्या दिवसांत नाटक घेऊन जाणाऱ्यानं खुशाल लावणीला हात लावायला जावं.

आता गाभ्याचा भाग. प्रयोगाच्या शेवटी उत्तर द्यायचं की नाही? आपल्याकडच्या बहुतेक पथनाट्यांत शेवटी हवालदार येतो, सासू सुधारते, सगळे हात वर करून घोषणा देतात. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात याच्या उलट रीत रूढ केली. नाटक वाईट वळणावर थांबवायचं. मग तेच नाटक पुन्हा सुरू करायचं, आणि प्रेक्षकांतून कुणीही ‘थांबा’ म्हणून रिंगणात यायचं, पीडित पात्राची जागा घ्यायची आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुली यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या जनसंस्कृती या संस्थेनं ही रीत खेड्यांतल्या शेतमजुरांच्या गटांमध्ये रुजवली. मराठीतही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २०१३ मधल्या खुनानंतर रंगकर्मी अतुल पेठे यांच्या पुढाकारानं अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्य उभं केलं. तिथे नटापेक्षा कार्यकर्ता महत्त्वाचा होता आणि प्रयोगानंतरचा संवाद प्रयोगाइतकाच.

अशा प्रयोगात सगळी भिस्त सूत्रधारावर असते. बारा-पंधरा मिनिटांचं नाटक एकदा सलग करायचं, मग दुसऱ्या फेरीत एका संध्याकाळी चार-पाच हस्तक्षेप होतात, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे. पहिला हात वर यायला वेळ लागतो. ती शांतता भरून काढायला सूत्रधार बोलत सुटला की पुढे कुणीच उठत नाही. त्यानं मनातल्या मनात वीस आकडे मोजावेत. येणाऱ्याला जुलूम करणाऱ्याची जागा देऊ नये. नवऱ्याच्या जागी उभं राहून ‘मी मारणारच नाही’ म्हणणं फार सोपं असतं, आणि त्यातून मार खाणाऱ्या बाईच्या हाती काही लागत नाही. समोरच्या नटानंही लगेच हार मानायची नाही. बाई म्हणाली, ‘मी पोलिसात जाईन,’ तर सासू म्हणेल, ‘जा की, मग राहायला कुठे जाशील?’ आणि मग सूत्रधार रिंगणाकडे वळून विचारेल, ‘असं आपल्याकडे होईल का?’ उत्तर बरोबर की चूक हे त्यानं सांगायचं नाही. लोक म्हणतात, ‘पोलीस एवढ्या लवकर येत नाहीत,’ ‘तिनं आधी भावाला सांगायला हवं होतं,’ ‘भाऊ दार लावून घेतो.’ वस्तीचं शहाणपण तिथे दिसतं आणि वस्तीची भीतीही.

एक धोका कुणी फारसा बोलून दाखवत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. दारूवरच्या नाटकात गटातला सगळ्यात तयार नट दारुड्या होतो. तो झोकांड्या खातो, जीभ वळवतो, खांबाला नमस्कार करतो, आणि चौक हसून लोटपोट होतो. बायको कोपऱ्यात उभी राहून रडते. प्रयोग संपल्यावर लहान मुलं दारुड्याची नक्कल करत घरी जातात. नाटक दारूविरुद्ध होतं, पण लोकांनी घरी नेला तो दारुड्या. याला उपाय आहे. त्याला शुद्धीत दाखवा. सकाळी आठ वाजता, आंघोळ करून, गोड बोलून बायकोच्या डब्यातले पैसे मागणारा माणूस दाखवा. हशा बंद होतो, आणि पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघतात.

चर्चेत बायका बोलत नाहीत अशी तक्रार असते. पुरुष समोर उभे असताना त्या बोलणार नाहीत, हे धरूनच आखणी करावी. बायकांना एका बाजूला आणि पुढे बसवावं, सूत्रधार बाई असावी, आणि प्रयोगानंतर अर्धा तास अंगणवाडीत त्यांचं वेगळं रिंगण घ्यावं. भर चौकात कुणाला ‘तुमच्या घरी काय होतं?’ असं कधीही विचारू नये. बोलायचं ते पात्राबद्दल. एखादी भावनेच्या भरात स्वतःचं सांगू लागली तर सूत्रधारानं हळूच गोष्ट पात्राकडे वळवावी. रात्री ती त्याच घरात जाणार असते आणि गट आपापल्या घरी.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी त्या वस्तीत असलंच पाहिजे. त्यांच्याकडे कोरी वही आणि नेमकी माहिती हवी. मदतीचे फोन: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा आहे आणि त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. बालविवाह होत असेल तर खेड्यात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच प्रतिबंधक अधिकारी असतो, हे पुष्कळदा गावालाच ठाऊक नसतं. जातपंचायतीनं वाळीत टाकलं असेल तर २०१६चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अंनिसचं अभियान २०१३ मध्ये नाशिकपासूनच सुरू झालं, त्यामुळे या प्रश्नाची जाण असलेले कार्यकर्ते इथे सापडतात. ज्या गटाला अशी दोन-तीन माणसं, एक वकील आणि एक समुपदेशक हाकेच्या अंतरावर नाहीत, त्यानं घरगुती हिंसेवर नाटक करू नये. लोकांचं तोंड उघडायचं आणि मग पाठ फिरवायची, याइतकं वाईट काम नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, जागा आणि संपर्काचं नाव लिहून अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ती प्रयोगाला सोबत ठेवावी. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असलं तर वाद वाढत नाही. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, रात्री दहानंतर तो बंद. आचारसंहितेच्या काळात तारखा धरूच नयेत.

गटाच्या आत काय चाललंय यावर बाहेरचं सगळं अवलंबून असतं. समतेचं नाटक करणाऱ्या गटात चहा नेहमी मुलीच करतात, दलिताची भूमिका नेहमी त्याच मुलाकडे जाते, हे प्रेक्षकांना कळत नसेल, गटातल्या माणसाला रोज कळतं. यावर साधा नियम चालतो: दर तिसऱ्या प्रयोगाला भूमिका बदलायच्या, सगळ्यांना सगळी संहिता पाठ. कामावर जाणाऱ्यांच्या दहा जणांच्या गटात दोघं-तिघं कायम गैरहजर असतात, त्यामुळे ही सक्ती उपयोगाचीही ठरते. तालीम मुलींना साडेनऊच्या आत घरी पोचता येईल अशा जागी आणि वेळी ठेवावी. ती सिडकोत ठेवली की नाशिकरोडच्या मुली महिन्याभरात गळतात. झोळीत जमलेले पैसे तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत मोजून वहीत लिहावेत. पैशाची रक्कम कधीच मोठी नसते, पण गट फुटतात ते याच वहीवरून.

देणगीदाराचे पैसे घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. प्रवास, छपाई, चहा, आजारपण हे खर्च खरे आहेत. करार करतानाच मोजमाप बदलून मागावं: प्रयोगांची संख्या नको, त्याच वस्तीतल्या भेटींची संख्या मोजा. आणि बॅनर रिंगणात लावू नये. तो मागे दिसला की लोक नाटकाला जाहिरात समजतात आणि सूत्रधाराला अधिकारी.

जन नाट्य मंच या दिल्लीच्या पथनाट्य गटाच्या सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळच्या साहिबाबादच्या झंडापूरमध्ये प्रयोग चालू असताना हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी ते गेले. रामबहादूर हा मजूरही त्या हल्ल्यात मारला गेला. ४ जानेवारीला सफदरच्या पत्नी मलयश्री हाश्मी आणि मंचचे साथी त्याच जागी परतले आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं. पुढे दर १ जानेवारीला मंच तिथे जात राहिला. धैर्याची गोष्ट म्हणून हे सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. मला त्यात कामाची रीतही दिसते. कामगारांनी आपला माणूस गमावला होता, आणि ज्यांच्या नाटकाला ते आले होते ते लोक तिथून कायमचे निघून गेले नाहीत.

नाशिकच्या एखाद्या वस्तीत तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर हस्तक्षेपाला उठणारे चेहरे ओळखीचे होतात. त्यातल्या सहा-सात जणांना बाजूला घेऊन तालीम सुरू करावी, आठवड्याला दोन संध्याकाळी, दीड-दीड तास. आधी नुसत्या मूक प्रतिमा: रेशन दुकान, नळ, मुलगी बघायला आलेले पाहुणे. मग आवाज, मग शब्द. दहाव्या भेटीपर्यंत प्रयोग त्यांचा व्हायला हवा आणि मूळ गटानं प्रेक्षकांत बसायला हवं. ते संहिता मोडतील. शेवट बदलतील, गाणं एखाद्या चालत्या सिनेमाच्या चालीवर बांधतील, तुम्ही तीन महिने घासलेला प्रवेश गाळून टाकतील. दुरुस्त करायला उठू नये. बोहाड्यात, म्हणजे आदिवासी गावांतल्या मुखवट्यांच्या सोंगनाट्यात, गावातलाच माणूस मुखवटा चढवतो आणि गावातलेच लोक रात्रभर बसून पाहतात, पेठ-सुरगाण्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. शहरी गटाला मात्र ती सवय लावून घ्यावी लागते. हलगी वस्तीत ठेवून यावी, संहितेची एक प्रत द्यावी, आणि पुढच्या महिन्यात बोलावणं आलं तर जावं.